काचेखालचा रंग

हातघडणीचा चांगला सर्फबोर्ड जवळून पाहायला मिळाला, तर त्यावरचं चित्र क्षणभर बाजूला ठेवा. मधोमध लाकडाची जी अरुंद पट्टी नाकापासून शेपटीपर्यंत गेलेली असते, तिच्या कडेला नजर न्या. तिथे बहुधा साध्या शिसपेन्सिलीने आकडे लिहिलेले दिसतील : लांबी ६ फूट २ इंच, रुंदी १९ इंच, जाडी अडीच इंचाच्या आतबाहेर, आणि खाली घडवणाऱ्याची झोकात मारलेली सही. त्यावर नख घासून पाहा, ओलं बोट फिरवून पाहा. अक्षर हलत नाही. वहीत खोडरबराने क्षणात जाणारी पेन्सिल इथे खारं पाणी, ऊन आणि वाळूला वर्षानुवर्षं पुरून उरते, कारण तिच्यावर काचेचं पांघरूण असतं.

हे पांघरूण कळलं की बोर्ड रंगवण्याचं निम्मं काम कळलं. भिंत, दार किंवा कपाट रंगवताना आपल्या डोक्यात एकच क्रम असतो : आधी लांबी, मग अस्तर, मग रंगाचे दोन हात. रंग सगळ्यांत वर आणि सगळ्यांत शेवटी. सर्फबोर्डात मात्र रंगाची जागा थरांच्या मधे असते. म्हणून घरी जुना बोर्ड रंगवायला काढणाऱ्याने ‘कोणता रंग आणू?’ हा प्रश्न जरा मागे ठेवावा. त्याआधीचा प्रश्न असा : रंग कोणत्या थरावर बसणार, आणि त्याच्यावर काय येणार?

राळ आणि काचकापड

आजच्या नेहमीच्या बोर्डाच्या पोटात फोम असतो. हा फोम दोन जातींचा. एक पॉलियुरेथेनचा, दुसरा ईपीएस म्हणजे टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून निघणाऱ्या थर्माकोलचा भाऊबंद. फोम तासून आकार दिला की त्यावर काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड पसरतात. हे कापड साधारण चार किंवा सहा औंसाचं म्हणून विकलं जातं. आपल्या मापात चौरस मीटरला सुमारे १३५ किंवा २०० ग्रॅम. त्यात पातळ रेझिन जिरवतात. रेझिन म्हणजे आपली राळच म्हणा ना, फक्त ही झाडाच्या सालीतून पाझरलेली नसून कारखान्यात तयार झालेली.

कोरडं काचकापड पांढरंशुभ्र दिसतं, खालचं काही दिसू देत नाही. त्यावर रेझिन ओतून रबरी पट्टीने पसरवलं की ते डोळ्यांदेखत विरून जातं आणि खालची पेन्सिल लख्ख दिसू लागते. जादू ओळखीची आहे. गरम बटाटेवडा कागदावर ठेवला की तेल उतरून कागद जिथे आरपार दिसू लागतो, तिथे हेच घडत असतं. कागद पांढरा दिसतो, कारण त्याचे तंतू आणि मधली हवा यांच्या हद्दीवर प्रकाश पुन्हा पुन्हा वळतो आणि विखुरतो. तेल हवेची जागा घेतं. तेलातून तंतूत शिरताना प्रकाशाला फारसं वळावं लागत नाही, म्हणून तो सरळ पार होतो. काच आणि रेझिन यांचे अपवर्तनांकही असेच जवळजवळ जुळतात. कापड असतं, ताकदही देतं, पण दिसत नाही.

हा झाला पहिला थर. त्यावर रेझिनचा दुसरा हात मारतात, त्याला कारागीर हॉट कोट म्हणतात. कापडाच्या विणीतले खळगे भरून काढणं आणि घासायला पुरेसं मांस देणं हे त्याचं काम. तो घासून सपाट केला की काही बोर्डांवर तिसरा, चकाकीचा हात येतो, तो ग्लॉस. स्पर्धेतले हलके बोर्ड पुष्कळदा ग्लॉसशिवाय, घासलेल्या अंगानेच पाण्यात उतरतात. तेवढंच वजन वाचतं.

आता रंगाच्या जागा मोजता येतात. पहिली, थेट फोमवर, कापड पसरण्याच्या आधी. दुसरी, रेझिनमध्येच रंगद्रव्य कालवून, म्हणजे कवचच रंगीत करायचं. तिसरी, घासलेल्या हॉट कोटवर, वरच्या पारदर्शक हाताखाली. पहिल्या दोन जागा नवा बोर्ड घडवणाऱ्याच्या. घरी जुना बोर्ड रंगवणाऱ्याच्या वाट्याला तिसरी येते. चौथी जागा म्हणजे अगदी वर, ग्लॉसवर. तिथे मारलेला रंग दुकानाच्या पाटीवरच्या रंगासारखा असतो, सोलायला लागला की पापुद्रे निघतात.

आधी मुरवा, मग झिलई द्या

हा क्रम फायबरग्लासच्या फार आधीचा आहे. हवाई बेटांवरच्या लोकांच्या लाटेवरच्या खेळाचं वर्णन १७७९ साली कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतला अधिकारी जेम्स किंग याने लिहून ठेवलं. त्यांच्या फळ्या कोआच्या लाकडाच्या असत, ‘उलू’च्या असत, म्हणजे कोकणातल्या परसात दिसतो त्या नीरफणसाच्या, आणि ‘विलीविली’च्याही असत. विलीविली हा आपल्या पांगाऱ्याच्या कुळातला. लाकूड हलकं आणि मऊ.

तासलेली फळी प्रवाळाच्या दगडाने घासून गुळगुळीत करत. मग रंग. टी नावाच्या झुडपाचं मूळ, कुकुईच्या झाडाची ठेचलेली साल, किंवा कुकुईच्या तेलकट बिया जाळून धरलेली काजळी यांनी लाकूड काळसर करत. रंग मुरला की वरून कुकुईच्या तेलाचा हात. खेळून आल्यावर फळी वाळवायची, खोबरेल चोळायचं, कापडात गुंडाळायची आणि घरात टांगून ठेवायची. १८२३ साली ही बेटं पालथी घातलेल्या विल्यम एलिस या मिशनऱ्याने ही निगा नोंदवून ठेवली आहे. कोकणातल्या लाकडी होड्यांना मासळीचं तेल चोळणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. रंग लाकडात, पाणी अडवणारी झिलई वर. म्हणजे तेव्हाही रंग एकटा उघड्यावर सोडलेला नव्हता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात रेडवूडच्या भरीव फळ्या आल्या आणि वॉर्निशचे हात आले. त्या फळ्या इतक्या जड की किनाऱ्यावर नेतानाच अर्धा दम जाई. टॉम ब्लेकने होनोलुलूच्या बिशप म्युझियममधल्या जुन्या हवाई फळ्या दुरुस्त करताना त्यांचा अभ्यास केला आणि १९२० च्या दशकात पोकळ फळी बनवली. १९३५ साली फळीच्या खाली पहिला पर बसवला तोही त्यानेच. दुसऱ्या महायुद्धानंतर काचकापड आणि पॉलिएस्टर रेझिन सामान्य माणसाच्या हाती आलं. बॉब सिमन्ससारख्या मंडळींनी हलक्या बाल्सा लाकडावर ते चढवलं. वॉर्निश गेलं आणि पांघरूण आलं.

पुढचा टप्पा १९५८ चा. कॅलिफोर्नियात होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचे गाभे ओतायला घेतले. त्या काळच्या फोममध्ये हवेचे खड्डे राहत. ते भरायचे आणि वरून गडद, अपारदर्शक रंगाचं रेझिन चढवायचं, म्हणजे ठिगळं दिसत नसत. फोमवरचा रंग सुरुवातीला हौसेइतकाच लाज झाकण्यासाठी होता. फोम सुधारला तशी ती गरज संपली, आणि पांढऱ्या फोमवर एअरब्रशने चित्रं काढण्याचा काळ आला. १९८० च्या दशकाच्या तोंडावर लगुना बीचला शॉन स्टूसी नावाचा एक घडवणारा आपल्या बोर्डांवर जाड टोकाच्या मार्करने आडनाव ओरबाडल्यासारखं लिहायचा. तीच सही पुढे टीशर्टांवर गेली आणि कपड्यांचा जगभर चालणारा ब्रँड झाली.

क्लार्कचा कारखाना अमेरिकेतल्या बहुतांश घडवणाऱ्यांना गाभे पुरवायचा. ५ डिसेंबर २००५ रोजी त्याने तो अचानक बंद केला. त्या सोमवारी सगळ्या धंद्याला धाप लागली. त्यानंतर ईपीएस आणि इपॉक्सीचे बोर्ड झपाट्याने वाढले. घरी रंगवणाऱ्याच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची, कारण आज जुना बोर्ड हाती आला तर तो दोन्हींपैकी कोणत्या जातीचा आहे ते आधी पाहावं लागतं.

पांढराच का?

किनाऱ्यावर रांगेने ठेवलेले बोर्ड पाहिले तर पांढऱ्यांची संख्या डोळ्यांत भरते. त्यामागे ऊन आहे. काळी छत्री आणि पांढरी टोपी यांतला फरक ज्याला कळतो त्याला हे सांगावं लागत नाही. गडद रंग ऊन पितो, कवच तापतं, रेझिन नरमतं, फोममधली हवा फुगते आणि कापड फोमपासून सुटतं. बोर्डाला तळहाताएवढा फोड येतो. त्यावर दाबलं की भिजलेल्या पापडासारखं आत जातं. दुपारी बंद गाडीत ठेवलेला काळा किंवा गर्द निळा बोर्ड एका दिवसात असा बिघडू शकतो. ईपीएसला उष्णता आणखीच सोसत नाही.

म्हणून रंगवताना पहिला नियम : मोठे भाग फिक्या रंगात ठेवा, गडद रंग रेघांपुरता आणि छोट्या आकारांपुरता वापरा. दुसरा नियम गमतीचा आहे. बोर्डाच्या वरच्या अंगावर पाय घसरू नये म्हणून मेण चोळतात. तुमचं सुंदर चित्र तिथे असेल तर पहिल्याच दिवशी ते मळकट मेणाखाली जाईल. चित्राला नाकाकडचा भाग आणि खालचं अंग द्या.

रंगाच्या आधीचं काम

मेण काढण्यापासून सुरुवात. बोर्ड पाचदहा मिनिटं उन्हात ठेवला की मेण लोण्यासारखं होतं. प्लॅस्टिकच्या पट्टीने ते खरवडून घ्यायचं. उरलेला चिकटा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायचा, आणि फडकं दर दोन पुसण्यांनी बदलायचं. तेच फडकं फिरवत राहिलात तर मेण निघत नाही, पसरतं. साफ झालं की नाही याची परीक्षा पाण्याने करा. ओंजळभर पाणी टाकलं आणि ते अळवावरच्या पाण्यासारखं थेंब थेंब होऊन घरंगळलं, तर मेण अजून आहे. घासल्यानंतर हीच परीक्षा पुन्हा घ्या. तेव्हा पाणी सलग पसरलं पाहिजे.

मग जखमा पाहायच्या. जिथे कवच तडकलं आहे आणि आतला फोम पिवळा-तपकिरी झाला आहे, तिथून पाणी आत गेलेलं असतं. बोर्ड जखम खाली येईल असा उभा करून सावलीत वाऱ्यावर ठेवायचा. थेंब गळायचे थांबल्यावरही काही दिवस द्यायचे. ओल्या फोमवर रेझिन लावणं म्हणजे ओल्या भिंतीवर लांबी भरणं; पहिल्या उन्हात ती सुटणार. तडे गोड्या पाण्याने धुवून घेणंही गरजेचं, कारण आत राहिलेलं मीठ हवेतला दमटपणा ओढत राहतं.

दुरुस्तीचं रेझिन निवडताना जात आड येते. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, आणि स्टायरीन ईपीएसला खातं. पूर्वी गणपतीच्या थर्माकोलच्या मखरावर ज्यांनी उत्साहाने स्प्रे पेंट मारला असेल, त्यांना हे दृश्य पाठ आहे : रंग पडला की तिथे खड्डा पडत जातो. बोर्ड कोणत्या जातीचा आहे कळत नसेल, तर जखमेतून डोकावा. साबुदाण्यासारखे गोल मणी एकमेकांना चिकटलेले दिसले तर ईपीएस; एकसारखा, बारीक पावासारखा पोत दिसला तर पॉलियुरेथेन. तरीही शंका राहिली तर इपॉक्सी वापरा. ते दोन्ही जातींवर चालतं आणि घासलेल्या पॉलिएस्टरवरही धरतं. उलट, इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही.

नवशिक्यांना देतात तो मऊ पाठीचा बोर्ड या सगळ्यातून वगळावा. त्याची पाठ मऊ प्लॅस्टिक फोमची असते आणि तिच्यावर ना रंग टिकतो ना रेझिन.

आता घासाई. या कामाचा खरा वेळ इथे जातो, आणि रंगाचं नशीब इथेच ठरतं. लाकडी ठोकळ्याला २२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून, लांब आणि हलके हात मारायचे; मग ३२० नंबर. हेतू एकच, चकाकी मारणं. चकचकीत पृष्ठभागाला रंग चिकटायला जागाच नसते. बोर्ड खिडकीशी आडवा धरून, डोळा त्याच्या पातळीवर आणून बघा. घासलेला भाग पिठूळ, निस्तेज दिसेल. ज्या ठिकाणी अजून चकाकी लुकलुकते ते खळगे, तिथे पेपर पोचलेलाच नाही. पेपर दुमडून बोटाने तेवढेच घासा.

थांबायचं कुठे तेही डोळ्यांनीच कळतं. घासता घासता बारीक चौकडा दिसू लागला, मच्छरदाणीच्या जाळीसारखा, तर तुम्ही रेझिन संपवून काचेच्या धाग्यांवर आला आहात. ताबडतोब थांबा. धागे कापले गेले की बोर्डाची ताकद गेली. कडांवर हा धोका सर्वांत जास्त, कारण तिथे पेपरचा सगळा भार एका रेषेवर येतो.

शेवटी धूळ झटकून, पाण्याने पुसून बोर्ड वाळवा. त्यानंतर तळहात लावू नका. घामाचा तेलकट ठसा रंगाखाली दबून राहतो आणि महिन्याभराने तिथूनच पापुद्रा सुटतो.

रंगाचे हात

घरगुती कामाला पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग उत्तम. त्यांत तीव्र द्रावक नसतं, वास कमी, ब्रश पाण्याने धुता येतो. बारीक कामासाठी ॲक्रिलिक रंगाचे मार्कर सोयीचे. जपानी पोस्का पेनं जगभरच्या सर्फरांच्या खिशात असतात. दारा-खिडक्यांना लावतो तो तेलाचा एनॅमल इथे नको. तो सावकाश सुकतो, मऊ राहतो, आणि वरून रेझिन आलं की सुरकुततो. स्प्रेचे डबे चालतात, पण त्यांचं द्रावक तडा गेलेल्या ईपीएस बोर्डाच्या आत पोचलं तर मखराची गोष्ट पुन्हा घडते.

सरळ कडा हव्या असतील तर मास्किंग टेप. टेप चिकटवल्यावर तिची कड नखाने दाबत जा. तिच्यावरून आधी खालच्याच रंगाचा, किंवा पारदर्शक ॲक्रिलिकचा, पातळ हात फिरवा. टेपखाली झिरपायचं ते हेच झिरपतं आणि फट बुजते. मग वरचा रंग आत शिरत नाही. शेवटचा हात पूर्ण कडक होण्याआधी टेप स्वतःवर दुमडून, हळूहळू ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर ओढलीत तर रंगाची कडही तिच्याबरोबर येते.

हात पातळ हवेत. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा लवकर वाळतात, कारण जाड थराला आधी वर साय धरते आणि आतलं पाणी अडकतं. हे अडकलेलं पाणी पुढे दगा देतं : वर रेझिन चढलं की रंग धुरकट दिसतो किंवा बारीक बुडबुडे येतात. शेवटच्या हातानंतर निदान एक दिवस थांबा. दमट हवेत दोन.

दोन रंगांच्या सांध्यावर पुष्कळ बोर्डांवर एक केसासारखी रेघ दिसते, तिला पिनलाइन म्हणतात. ती आज नक्षी वाटते. पण तिचा मूळ धंदा झाकपाक करण्याचा : रंगीत रेझिनचं कापड कापलेल्या ठिकाणी जी ओबडधोबड कड उरायची, तिच्यावर ही रेघ ओढत. तुमच्या टेपखालून कुठे रंग झिरपलाच, तर हीच जुनी युक्ती तुम्हालाही उपयोगी पडेल.

वरचं पांघरूण

आता रंगावर पारदर्शक हात. सोपा मार्ग म्हणजे ॲक्रिलिक क्लिअरचा स्प्रे, पातळ तीन-चार हात. तो घासला जातो, वर्षा-दोन वर्षांत पुन्हा मारावा लागतो, पण चूक झाली तरी नुकसान थोडं. टिकाऊ मार्ग रेझिनचा, आणि त्यासाठी थोडं रसायनशास्त्र लागतं.

पॉलिएस्टर रेझिनमध्ये एमईकेपी हे चालना देणारं द्रव्य १ ते २ टक्के घालतात, म्हणजे एक लिटरला १० ते २० मिलिलिटर. त्याने रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंफल्या जातात आणि द्रव घट्ट होतो. पण हवेतला प्राणवायू ही गुंफण पृष्ठभागावर तोडत राहतो. म्हणून साधं रेझिन आतून टणक झालं तरी वरून गुळाच्या ढेपेसारखं चिकट राहतं. कापडाच्या पहिल्या थराला हा चिकटपणा हवाच असतो, कारण वरचा हात त्याच्याशी एकजीव होतो. शेवटच्या हाताला मात्र तो नको. त्यासाठी रेझिनमध्ये थोडं मेण विरघळवलेलं असतं. घट्ट होताना मेण वर तरंगतं, दुधावरच्या सायीसारखं पसरतं आणि हवा तोडतं. मग पृष्ठभाग कोरडा होतो. पण त्यावर आणखी काही लावायचं असेल तर ही मेणाची साय घासून काढावीच लागते. रंगाआधी हॉट कोट घासण्याचं एक कारण हेही होतं.

इपॉक्सीचा स्वभाव वेगळा. तिथे दोन द्रव ठरलेल्या प्रमाणातच मिसळायचे. घाई आहे म्हणून हार्डनर जास्त घातला तर ते लवकर कडक होत नाही, कायमचं रबरी राहतं. दमट हवेत काही इपॉक्सींवर बुळबुळीत थर येतो. तो साध्या पाण्याने धुवून मगच घासायचा, नाहीतर पेपर त्याला आत चोळत बसतो.

कोणतंही रेझिन रंगावर ओतण्याआधी तोच रंग फळकुटाच्या तुकड्यावर लावून, त्यावर तेच रेझिन मारून पाहा. पॉलिएस्टरमधलं स्टायरीन काही रंगद्रव्यांना पाझर फोडतं; लाल रेघ गुलाबी धुक्यात बदलते. तुकड्यावर हे समजलं तर एक दिवस जातो, बोर्डावर समजलं तर सगळं घासून पहिल्यापासून.

ग्लॉसचा हात मऊ, रुंद ब्रशने, आधी आडवा आणि मग उभा फिरवायचा आणि सोडून द्यायचा. घट्ट व्हायला लागलेल्या रेझिनवर पुन्हा ब्रश फिरवण्याचा मोह सगळ्यांना होतो; ब्रशचे दात तिथे कायमचे उमटतात. कडक झाल्यावर ४०० नंबरपासून पाण्यासकट वॉटर पेपर, मग ६००, मग त्याहून बारीक, आणि शेवटी गाडीचं रबिंग कंपाउंड. प्रत्येक नंबरचं काम मागच्या नंबरचे ओरखडे पुसणं एवढंच; मधला नंबर गाळला तर ते ओरखडे चकाकीतून हसत राहतात.

नाक, डोळे आणि पावसाळा

स्टायरीनचा वास गोडसर असतो, म्हणून फसवा. धुळीचा कापडी मास्क त्याला अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीच्या डब्या लावलेला मास्क लागतो. एमईकेपीचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते, त्यामुळे चष्मा चढवल्याशिवाय बाटली उघडू नये. उरलेलं रेझिन डब्यात खोल साचवून ठेवू नका. घट्ट होताना ते उष्णता सोडतं, साचलेल्या डब्यात ती बाहेर पडत नाही, आणि डबा धुमसू लागतो. ते ताटासारख्या पसरट भांड्यात पातळ पसरा. काचेच्या धुळीने अंगाला खाज सुटते. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला आणि काम संपल्यावर अंग गार पाण्याने धुवा.

आपल्याकडे सर्फिंग अजून कोवळं आहे. कर्नाटकात मुल्कीला २००४ साली मंत्र सर्फ क्लब सुरू झाला, २०११ साली भारतीय सर्फिंग फेडरेशन स्थापन झालं, गोव्यात हरमल-आश्वेच्या वाळूत शिकवणारे दिसतात. बोर्डांची दुरुस्ती करणारं दुकान मात्र गल्लीत नसतं. पण सामान आणि हात दोन्ही जवळच आहेत. कोकणाच्या बंदरांवर फायबरच्या होड्या रुळल्या त्याला बरीच वर्षं झाली. त्या होड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला पॉलिएस्टर, एमईकेपी आणि काचकापड यांची जितकी जाण असते, तितकी पुस्तक वाचून येत नाही. तोही हे काम नारळी पौर्णिमेच्या आगेमागे, उघडीप पाहून काढतो. ऐन पावसात रंग वाळत नाही, फोम सुकत नाही आणि इपॉक्सी बुळबुळतं. उलट मे महिन्याच्या दुपारी रेझिन ब्रशमध्येच थिजतं. डिसेंबर-जानेवारीची सकाळ, सावलीचा पडवीचा कोपरा, वारा असेल पण धूळ नसेल, एवढं जमलं की बस.

शेवटचा पारदर्शक हात मारण्याआधी एक काम राहतं. शेपटीजवळ पेन्सिलीने लिहा : गाभा कोणता, रेझिन कोणतं, रंग कोणता, महिना आणि साल. कधी ना कधी हा बोर्ड खडकावर आपटणार, आणि कुणीतरी तो दुरुस्तीला घेणार. आत काय आहे हे त्याला जखमेत डोकावून ओळखत बसावं लागणार नाही. काचेखाली लिहिलेलं असेल.